कोयत्याबरोबर औषधही चालू द्या

(दसऱ्यानंतर, ऊसतोडीस निघणाऱ्या मंडळींसाठी गावच्या पारावर भरलेल्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



उद्या-परवा तुमच्या गाड्या निघतील. कोणाचा ट्रॅक्टर कोल्हापूरकडे, कोणाचा सांगली-साताऱ्याकडे, तर कोणी थेट बेळगावच्या मुलखात जाईल. बाजरीची पोती, तवा, परात, कोयते, शेळ्या, कोंबड्या आणि कडेवरची लेकरे असा सारा संसार आज तुमच्या अंगणात बांधून पडला आहे. अशा घाईच्या रात्री तुम्हांस भाषण ऐकावयास बसवणे म्हणजे तुमच्या झोपेवर दरोडा घालणे आहे, हे आम्हांस कळते. तरीही आम्ही तुम्हांस बोलावले, कारण ही रात्र गेली म्हणजे तुम्ही पाच-सहा महिने आम्हांस सापडत नाही.

कोणी म्हणेल, मास्तराने शाळा सांभाळावी, त्यास दवाखान्याच्या उठाठेवी कशाला? आम्ही काही डॉक्टर नव्हे. अध्यापक विद्यालयात आम्हांस मुले कशी शिकवावी ते सांगितले, छाती कशी तपासावी ते सांगितले नाही. परंतु आमच्यापाशी एक वही आहे, ती डॉक्टरापाशी नाही. ती वही म्हणजे हजेरीपट. दिवाळीनंतर कोणत्या नावापुढे रेघ येते, पाडव्यानंतर कोणते नाव परत येते, आणि कोणत्या घरचे लेकरू परत येते पण त्याचा बाप येत नाही, हे सारे त्या वहीत आम्हांस दिसते. त्या वहीतली एक गोष्ट आज सांगावयाची आहे. नाव सांगत नाही, कारण ते घर आपल्यातच आहे. मात्र त्या गोष्टीत दोष आमचाही आहे आणि तो आम्ही झाकणार नाही.

सन २०२२ च्या श्रावणात आमच्या दुसरीतल्या एका मुलीच्या बापास क्षय निघाला. तीन आठवड्यांचा खोकला, दिवेलागणीचा बारीक ताप, आणि अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागलेला. आशाताईने त्यास जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेले. बेडका तपासला, जंतू सापडले, गोळ्या फुकट सुरू झाल्या. दोन महिन्यांत गडी उभा राहिला. खोकला गेला, ताप गेला, भाकरी गोड लागू लागली. दसरा झाला आणि तो शाळेत आला. उचल आधीच घेतलेली होती, कोयता निघणार होता. आम्ही त्यास बसवून विचारले, "पोरीच्या शाळेचे काय?" तो म्हणाला, "म्हातारी थकली, पोर वसतिगृहात राहत नाही, संगंच नेतो." आम्ही लगेच मुलीचे शिक्षण हमी कार्ड भरून दिले. तिकडच्या शाळेच्या गुरुजींस चिठ्ठीही लिहून दिली. उठता उठता तो म्हणाला, "गुरुजी, पंधरा दिसाच्या गोळ्या घेतल्यात. आता काही होत नाही मला." आम्ही म्हटले, "छान झाले, जपून राहा." आणि आम्ही दुसऱ्या कामास लागलो.

बंधूंनो, आमचा दोष तो हाच. पोरीच्या शिक्षणाचा कागद आम्ही हाती दिला, पण बापाच्या औषधाचा कागद त्याच्यापाशी आहे की नाही हे आम्ही विचारले नाही. सहा महिन्यांच्या औषधातले चार महिने बाकी होते, आणि खिशात गोळ्या होत्या पंधरा दिवसांच्या. हा हिशेब तिसरीतले पोर करील. तो मास्तराने केला नाही.

पुढची हकीकत त्याच्या बायकोने सांगितली. गोळ्या संपल्यावर एक दिवस काम सोडून तो तिकडच्या एका दवाखान्यात गेला. तेथे त्यास सांगण्यात आले की, तुझे नाव आमच्या वहीत नाही, जेथे नाव आहे तेथे जा. आता जेथे नाव होते ते गाव दीडशे कोसांवर! त्या दिवसाचा खाडा उचलीत धरला गेला. दुसऱ्यांदा तो गेला नाही. अंगात बळ होते, खोकला नव्हता, मग खाडा कशाला पाडावा? थंडीभर त्याने ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या. होळीच्या सुमारास खोकला परत आला, आणि या खेपेस त्यात रक्त होते. पाडव्याला तो गावी आला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजून. यंत्रावर तपासणी झाली तेव्हा कळले की, या रोगावरचे जे मुख्य औषध, तेच आता त्या जंतूंना लागू पडत नाही. नवे, लांबलचक आणि अंगावर येणारे औषध सुरू केले, पण शरीर खंगून गेले होते. आषाढात तो गेला. त्याच महिन्यात त्याच्या पोरीच्या मानेवर गाठ आली.

आता कोणी म्हणतो नशीब, कोणी म्हणतो करणी, कोणी म्हणतो त्यांच्या घरातच ते आहे. तेव्हा हा रोग काय आहे ते आधी पाहू.

२४ मार्च १८८२ रोजी जर्मनीतल्या बर्लिन शहरी रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टराने क्षयाचा जंतू जगाला दाखवून दिला. ती बारीक काडीसारखी एक सजीव वस्तू आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातून दिसते. जंतू दाखवला त्या दिवशीच करणी, पाप आणि आनुवंश ही तिन्ही कारणे खोटी ठरली. छातीचा क्षय झालेला मनुष्य खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा हे जंतू हवेत उडतात, आणि कोंडलेल्या जागेत तीच हवा जो तासन् तास घेतो त्याच्या छातीत जातात. ताटा-वाटीने, कपड्याने, हातात हात दिल्याने हा रोग लागत नाही. औषधाविना राहिलेला असा एक रोगी वर्षभरात पाच ते पंधरा जणांस लागण देऊ शकतो.

परंतु लागण झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही, हे ध्यानात ठेवा. शंभरांत पाच-दहा जणच जन्मात केव्हातरी आजारी पडतात. बाकीच्यांच्या शरीरात तो जंतू कोंडून राहतो. मग तो कोणावर उठतो? ज्याचे पोट अर्धे राहते, ज्याचे अंग कामाने मोडलेले आहे, ज्यास मधुमेह आहे, जो दारू-तंबाखूत बुडाला आहे, ज्याच्या छातीत दगडाची धूळ बसली आहे, आणि जे लेकरू अजून लहान आहे, त्याच्यावर. म्हणजे रोगाची ठिणगी हवेतून येते हे खरे, पण सरपण गरिबी पुरवते.

आता आपल्या कोपीकडे पाहा. चार बांबू, वर पाचट किंवा ताडपत्री, आत शिरावयास वाकावे लागते, वारा यावयास खिडकी नाही. तीत नवरा-बायको, दोन-तीन लेकरे आणि तीच चूल. एका तळावर अशा कोप्या एकमेकींस खेटून. पहाटे तीन-चारला फडात जावयाचे, रात्री गाडी भरेपर्यंत पाठ टेकावयाची नाही. दुपारची भाकरी सकाळचीच, आणि डाळ असेल तर डाळ. अशा ठिकाणी एक खोकणारा मनुष्य आला तर जंतूने आणखी काय मागावे? वीटभट्टीवरची झोपडी पाहा, बांधकामावरची पत्र्याची खोली पाहा, तीच तऱ्हा. आणि आमच्या पाथरवट व वडार बंधूंच्या वाट्याला याशिवाय खडीची धूळ येते. ती धूळ फुप्फुसात बसली म्हणजे क्षयास दार उघडेच मिळते.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून माणसे गेली. एका खोलीत दोन-दोन पाळ्यांची माणसे राहत. एक पाळी कामावर गेली की तिच्याच जागेवर दुसरी निजे. छाती बिघडली की "गावची हवा लागू दे" म्हणून मनुष्य घरी येई. मनिऑर्डरीच्या मागून रोगही त्याच वाटेने गावात आला. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी निघाल्या. तेथे लेसोथो, मोझांबिक आणि दूरदूरच्या खेड्यांतून माणसे नेली, धुळीत राबवली, बराकीत कोंडली, आणि छाती गेली की गावी परत धाडली. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालले. शेवटी त्या मजुरांनी व त्यांच्या विधवांनी दावा लावला, आणि जुलै २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने सहा खाण कंपन्यांनी भरपाई द्यावयाचा तह मंजूर केला. तोवर किती जण मातीस मिळाले होते! सोने निघो की साखर, नफा एका ठिकाणी राहतो आणि खोकला मजुराबरोबर त्याच्या गावी जातो.

आमच्या देशातही १९५५ ते १९५८ या काळात मोठी पाहणी झाली. क्षय हा शहराचा रोग असा तोवर समज होता. पाहणीत दिसले की, खेड्यातही तो जवळजवळ शहराइतकाच आहे. त्याच सुमारास मद्रासेत एक मोठा प्रयोग झाला. तो प्रत्येक गरिबाने ऐकावा असा आहे. तेव्हा क्षय झाला की डोंगरावरचे आरोग्यधाम, दूध-अंडी आणि वर्षभर विश्रांती असा रिवाज होता, आणि तो कोणास परवडे? १९५६ साली मद्रासेतल्या गरीब रोग्यांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात ठेवला. दुसऱ्या गटास त्यांच्या दाटीच्या घरीच ठेवून फक्त औषध नेमाने दिले. १९५९ साली निकाल आला. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांस लागणही अधिक झाली नाही. म्हणजे महाल नसला तरी चालेल, नेमाने औषध पाहिजे. औषध नीट सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत रोग्यापासून इतरांस होणारा धोका पुष्कळ कमी होतो.

पण यावरून पोटाचे काही नाही असे समजू नका. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडात २,८०० रोग्यांच्या घरी एक प्रयोग झाला. सर्व रोग्यांस दरमहा शिधा दिला. निम्म्या घरांत घरच्या इतर माणसांसही तांदूळ व डाळ दिली, निम्म्या घरांत दिली नाही. दहा हजारांवर माणसांवर लक्ष ठेवले. ज्या घरांत सर्वांस शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. छातीचा, इतरांस लागणारा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. काही महागडी लस नव्हे, तांदूळ आणि डाळ! आमच्या आया सांगत आल्या की पोटात असेल तर अंगात टिकेल. तेच आता मोजून सिद्ध झाले.

सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९६२ पासून क्षयाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम आहे. १९९७ साली तो नव्याने बांधला आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचवला. तपासणी फुकट, औषध फुकट. औषध चालू असेतो रोग्याच्या खात्यावर पोषणासाठी महिन्यास पैसे. एप्रिल २०१८ पासून ते ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. रोग्याच्या घरच्या लेकरांस व मोठ्यांस रोग होऊ नये म्हणून आधीच द्यावयाचे औषधही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये निघालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हाती धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रेही वापरली गेली. म्हणजे यंत्र कोपीपर्यंत नेता येते हे दिसून आले. २०२५ पर्यंत क्षय हटवावयाचा असा संकल्पही देशाने केला होता. ते साल आले, पण क्षय गेला नाही. २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख माणसांस नव्याने क्षय झाला. त्यांतला चौथा हिस्सा आपल्या देशातला.

मग गाडी अडते कोठे? आमच्या अल्पमतीप्रमाणे ती येथे अडते. ही सारी व्यवस्था ज्याचे घर एका जागी आहे अशा माणसासाठी आखलेली आहे. वही गावची, आशाताई गावची, गोळ्यांचा साठा गावच्या नावाचा. आणि आपला मनुष्य? दिवाळीपासून पाडव्यापर्यंत तो ना या गावचा, ना त्या गावचा. माणसाचे पाय चालतात आणि औषध गावातच राहते. त्या बापास रोगाने मारले, पण वाट दिली ती या फटीने. अर्धे औषध खाल्ले म्हणजे दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. तेच वाढतात, आणि मग तेच औषध त्यांस लागू पडत नाही. तण वरवर खुडले आणि मुळ्या राहिल्या तर पुढच्या पावसात काय होते, हे शेतकऱ्यास आम्ही काय सांगावे?

ही फट बुजवावयाची तर प्रत्येकाने काय करावे ते आता सांगतो.

पहिली गोष्ट. ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरले आहे, रात्री घाम फुटतो, त्याने उद्या गाडीत बसण्याआधी बेडका तपासून घ्यावा. आशाताई डब्या घेऊन याच पारावर पहाटेपासून बसणार आहेत. मायबहिणींनो, हे विशेष तुमच्यासाठी. तुम्ही सर्वांच्या आधी उठता, सर्वांच्या मागून जेवता, आणि दुखणे सर्वांत शेवटी सांगता. कोयता दोघांचा असतो. नवऱ्याची छाती तपासावी आणि बायकोची नको, असे होऊ नये.

दुसरी गोष्ट. ज्याचे औषध चालू आहे त्याने पुरेशा गोळ्या बरोबर घ्याव्या. निदान महिन्याच्या तरी मागून घ्या. रोग्याच्या नावाचा 'निक्षय' क्रमांक असतो. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, मोबाइलात फोटो काढून ठेवा, आणि कारभारणीपाशी दुसरी प्रत द्या. त्या क्रमांकावर तुमची सारी हकीकत नोंदलेली असते, आणि तो दाखवून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यातही औषध पुढे चालू ठेवता येते. "तुझे नाव येथे नाही" असे कोणी म्हटले तर परत फिरू नका. क्रमांक पुढे करा आणि तेथूनच १८००-११-६६६६ या फुकट नंबरावर फोन लावा. ज्यास लिहिता येत नाही त्याने आज सभा संपल्यावर आमच्यापाशी यावे. आम्ही कंदील... नव्हे, आता वीज आहे, दिवा लावून शाळेत बसलो आहोत.

तिसरी गोष्ट. बरे वाटले म्हणजे रोग गेला असे नव्हे. नेहमीचे औषध सहा महिन्यांचे आहे. ते सहा महिनेच खावयाचे. गोळ्यांनी लघवी तांबूस होते, तिला भिऊन औषध सोडू नका. तो औषधाचाच रंग आहे. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्याचे औषध नुकतेच सुरू झाले आहे त्याने पहिले दोन महिने तरी गावीच राहावे हे उत्तम.

येथे तुम्ही आम्हांस अडवाल, "गुरुजी, उचल कोण फेडणार?" प्रश्न खरा आहे. रोग्यास "जाऊ नको" म्हणणे फार सोपे, पण त्याच्या चुलीचे काय ते सांगणे अवघड. म्हणून चौथी गोष्ट आम्ही मुकादमांस हात जोडून सांगतो. तुम्हीही आमच्यातलेच, तुमच्याही डोक्यावर कारखान्याचा बोजा आहे हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु टोळीत एक खोकणारा गडी झाकून नेला तर सारी टोळी धोक्यात येते. ज्याचे औषध नवे आहे त्याची उचल पुढच्या हंगामावर टाका. जो औषध घेत घेत काम करतो त्यास गोळ्या आणावयास महिन्यातून एक दिवस द्या, आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. त्या एका खाड्याने काय वाचले आणि काय गेले ते आताच ऐकलेत. आणि ज्या साखर कारखान्यांस आपला ऊस वेळेवर हवा, त्यांनी हंगामात दर महिन्यास तळावर तपासणी आणावी. ट्रॅक्टर फडात जातो, मग दवाखाना का जाऊ नये?

पाचवी गोष्ट गावाची. जो रोगी मागे राहील त्याच्या घरी आपण पोटापाण्याची सोय करू. शंभर उंबऱ्यांनी महिन्याला एकेक शेर धान्य, मूठभर डाळ, मूठभर शेंगदाणे दिले तर एक घर आरामात तरते. हा धर्मादाय नव्हे, आपल्या लेकरांभोवती घातलेले कुंपण आहे. आणि त्या घराशी बोलणे टाकू नका. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी शिपाई घरात शिरून रोगी ओढून नेत, तेव्हा लोक रोगी लपवू लागले, आणि लपवल्याने साथ आणखी पसरली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांच्या सेवेत राहिल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. क्षयाच्या रोग्यासाठी एवढे प्राण पणास लावावयाचे कारण नाही. औषध घेणाऱ्याशी माणसासारखे वागले, दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या, खोकताना तोंडावर फडके धरले, म्हणजे पुष्कळ झाले. ज्या गावात रोगी हसला जातो त्या गावात तो खोकला गिळतो, आणि गिळलेला खोकला रात्री घरातच निघतो.

सहावी गोष्ट आमच्या शाळेची. त्या वर्षापासून आम्ही हजेरीपटाच्या मागच्या पानावर एक रकाना आखला आहे. स्थलांतरास जाणाऱ्या प्रत्येक घरास मुलाच्या कार्डाबरोबर आम्ही विचारतो, घरात कोणाचे औषध चालू आहे काय, किती गोळ्या बरोबर आहेत, क्रमांक लिहिला काय. यास दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी आम्ही ही दोन मिनिटे दिली नाहीत.

त्या पोरीचे काय झाले, असे तुमच्या मनात असेल. सुदैव एवढेच की तिच्या गाठीतला जंतू साध्या औषधाला वाकणारा निघाला. बापाचा क्षय कळला त्याच श्रावणात तिला आधीचे औषध मिळावयास हवे होते, ते राहून गेले होते. पण पुढे तिने एकही दिवस न चुकता सहा महिने गोळ्या खाल्ल्या. तिची आई त्या हंगामात कोयत्यावर गेली नाही, भावकीने आणि शेजाऱ्यांनी त्यांना धान्य घातले. आज ती पोर पाचवीत आहे. मघाशी याच पारावर तुमच्या मोबाइलात क्रमांकाचा फोटो नीट आला आहे की नाही हे जी मुलगी पाहत होती, ती कोण हे आम्ही सांगत नाही. पण गावात अशा मुली पुष्कळ आहेत.

बंधूंनो, तुम्ही जाल, आमची शाळा अर्धी रिकामी होईल, आणि आम्ही पाडव्याची वाट पाहत बसू. पाडव्याला परत आलात की पुन्हा एकदा येथेच बेडका तपासावयाचा, हे आजच ठरवून जा. तोवर कोयत्याला जशी धार लावून नेता तसेच औषधही मोजून न्या. हजेरीपटातली सारी नावे, आणि त्या नावांमागचे सारे आईबाप, जसे गेले तसे परत यावे, एवढेच आमचे मागणे आहे.